एकच घास

१४ जुलै २०२५, सोमवार

घोड्याला उलटी होत नाही!

चौतीस वर्षं हे माहीत नसताना जगले, काही अडलं नाही. पण मृणालिनी मॅडमनी फळ्यावर लिहून खाली तीन रेघा ओढल्या. "पोटात गेलं ते पुढेच जाणार. मागे फिरायला रस्ता नाही. तेव्हा काय घालताय ते बघून घाला." मॅडम स्वतः घोड्यांच्या डॉक्टर. आवाज खणखणीत. मागच्या बाकावरचा पोरगा चिप्स खात होता, त्यानं पुडी बंद केली.

परळचं कम्युनिटी कॉलेज. अश्वसंगोपन व लघुउद्योजकता, मुदत चार महिने. सकाळी धंदा, दुपारी घोडे. वर्गात बारा जण, वयानं मी सगळ्यांत मोठी. मार्चमध्ये ऑफिसनं पंचवीस जणांना हसतखेळत निरोप दिला, त्यात मी. एचआरमध्ये होते, म्हणजे चोवीस जणांची पत्रं मीच टाइप केली, पंचविसावं साहेबांनी. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, पुढे काय? पुढे काय! बेकरीचा कोर्स भरला होता. उरले होते मधमाश्या आणि घोडे. मधमाश्या चावतात.

१५ जुलै, मंगळवार

घोडेही चावतात. मॅडमच्या दवाखान्यातल्या एकानं आजच दाखवलं.

१७ जुलै, गुरुवार

अप्पांना आज सांगितलं. तीन दिवस 'कोर्स' एवढंच म्हणत होते. पण बुटांनी चुगली केली. अप्पा नाकाला रुमाल लावून दारात उभे.

"घोडे? धराधरांच्या घरात घोडे होते गं. पण आपण गाडीत बसायचो! उतरून घोड्यामागे उभं राहायचं काम आपलं नव्हे."

झालं. ठाकूरद्वार ते चौपाटी, पणजोबांची घोडागाडी, दोन अबलख घोडे, लोक वळून बघायचे वगैरे. मी शाळेत असताना त्या गाडीला एकच घोडा होता. सांगून टाकलं तसं. अप्पा म्हणाले, दुसरा तेव्हा आजारी होता.

जेवणात भरलेले बोंबील होते, म्हणून भांडण लवकर मिटलं.

२५ जुलै, शुक्रवार

तबेल्यातलं पहिलं प्रॅक्टिकल. शिवडीला, गोदामांच्या मागे एक तबेला आहे. बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत तीन घोड्या. मालक हितेंद्र, लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवतो. त्याला मी अजून फोनशिवाय पाहिलेलं नाही. आमच्या कॉलेजनं त्याच्याशी बोलणी केलीत. त्याला फुकट हात मिळतात, आम्हाला फुकट घोड्या.

खरं बघणारा माणूस म्हणजे भिवाकाका. साठीचे, सातारकडचे. चाळीस वर्षं घोड्यांतच गेली. मी अंग घासायचा खरारा हातात घेतला आणि हळूहळू फिरवायला लागले, तर म्हणाले, "जोर लावा ताई. गालाला पावडर न्हाई लावायची."

लावला जोर. दंड भरून आले. माझ्या वाट्याला आली चंपा. सतरा वर्षांची, पांढरी, मानेवर मोहरी सांडल्यागत ठिपके. सातशे वराती केल्यात म्हणे बाईंनी! मी खरारा करत तिच्या गुडघ्यापर्यंत आले तेवढ्यात तिनं माझ्या पायावर पाय ठेवला. शांतपणे. आणि दुसरीकडे बघत राहिली.

"तिला तुमी आवडला," भिवाकाका म्हणाले.

आवडत नसते तर?

८ ऑगस्ट, शुक्रवार

वाईट बातमी आणि गृहपाठ, दोन्ही एकाच दिवशी.

मनमोहन सर, म्हणजे आमचे उद्योजकतेचे सर, म्हणाले, जोड्या करा आणि खराखुरा छोटा धंदा उभा करून दाखवा. कागदावरचा नको. माझ्या जोडीला सौमित्र. दादरचा, बावीस वर्षांचा. दर वाक्यात 'स्केल' म्हणतो.

दुपारी तबेल्यात गेलो तर हितेंद्र फोनवर. "म्हातारी झाली रे. आता नवरे जुन्या मोटारीतून येतात, नाहीतर त्यांना तरणी घोडी पाहिजे. फोटोत दिसायला." फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून तेच परत सांगितलं. चंपाला मार्चपासून एक बुकिंग नाही. कर्जतकडचा एक वीटभट्टीवाला विचारतोय.

वीटभट्टी! सतरा वर्षांच्या घोडीला!

"दसऱ्यापर्यंत थांबतो," हितेंद्र म्हणाला. "आपला चारा आपण कमवत असेल तर राहील. नायतर जाईल."

भिवाकाका चंपाचा खूर हातात धरून साफ करत बसले. आधीच साफ होता तो.

मी सौमित्रला बाहेर ओढत नेलं. म्हटलं, प्रोजेक्ट ठरलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

सौमित्रच्या आजवरच्या कल्पना: घोडीसोबत योगा. घोडीसोबत सेल्फी. घोडीचं ॲप.

"ॲपमध्ये काय असणार?"

"ते नंतर ठरवू ना गं. आधी स्केल."

मारावासा वाटला.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीत लालबाग-परळकडे कोण जातंय! कॉलेज बंद. मी मात्र शिवडीला गेले, चंपासाठी. तर लांबून कुठूनतरी बेंजो ऐकू आला आणि बाई जागच्या जागी नाचायला लागल्या! पुढचे दोन पाय आलटून पालटून, मान वर, एकदम झोकात.

"तिला वाटतंय, बुकिंग आलं," भिवाकाका म्हणाले.

मी हसले आणि मग रडायला आलं. घामाबरोबर पुसून टाकलं.

१० सप्टेंबर, बुधवार

सापडलं!! आणि सापडलं ते भिवाकाकांना.

त्यांच्या गावी दसऱ्याला घोडीची पूजा करतात. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, ओवाळायचं. ते सहज म्हणाले, "हितं मुंबईत लोक मोटरसायकलला हार घालत्यात. घोडी दिसली तर येडी हुतील."

अहो, होतीलच! करी रोडला त्यांच्या गावची गंगूबाई राहते, चाळीतल्या महिला मंडळाची सर्वेसर्वा. चाळीत एकतीस बिऱ्हाडं. निम्म्यांचं कुलदैवत खंडोबा, म्हणजे घोडी त्यांना देवासमान. आजच जाऊन भेटले. गंगूबाईनं माझं अर्धंच वाक्य ऐकलं. "चाळीत घोडी? आमच्या अंगणात? आन तू, सोमवारी नाय, मंगळवारी नाय, दसऱ्यालाच आन!"

दर बिऱ्हाडामागे वर्गणी ठरली. हितेंद्रनं पहिल्यांदा फोन खिशात घातला.

२२ सप्टेंबर, सोमवार

मृणालिनी मॅडमना आराखडा दाखवला. सगळं वाचलं. रस्ता कुठला, खुरांना डांबर सोसेल का, पाणी कुठे, सावली कुठे. चांगलं आहे म्हणाल्या. मग बोट एका शब्दावर थांबलं.

"नैवेद्य?"

दसरा आहे, मॅडम. ताट तर येणारच. श्रीखंड-पुरी, खंडोबावाल्यांकडे पुरणपोळी.

"घोड्याच्या पोटात पुरणपोळी गेली तर काय होतं?"

पोटशूळ, मॅडम.

"आणि घोड्याला काय होत नाही?"

उलटी, मॅडम. (वर्गभर हशा.)

मग नियम ठरला: नैवेद्य दाखवायचा, भरवायचा नाही. देवापुढे तसंही दाखवतोच की, देव कुठे खातो! मॅडमनी विचारलं, जबाबदारी कोणाची? मी म्हटलं, माझी. त्यांनी तसं लिहून सही घेतली.

सौमित्रनं पाटी छापली, ही मोठी. लॅमिनेशन करून. चंपाच्या फोटोखाली लाल अक्षरात: नैवेद्य दाखवा, भरवू नका.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या. अप्पा विचारतात, "तुझी ती घोडी नीट चालेल ना?" मला काय विचारता, तिला विचारा!

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपारी दोन

जमलं! जमलं! जमलं!

सहाला तबेल्यात पोचले. चंपा गेटातून निघेचना, आधीच उशीर झालेला, जीव टांगणीला. शेवटी निघाली. पाठीवर झूल, कपाळावर गोंडा, गळ्यात झेंडू. करी रोडच्या वळणावर लोक थांबून नमस्कार करत होते. एक टॅक्सीवाला दार उघडून खाली उतरून पाया पडला, मागे हॉर्न वाजत होते तरी.

चाळीचं अंगण तुडुंब. तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं. गंगूबाई नऊवारीत, पुढे. पहिलं ओवाळणं तिचं. मग रांग. बायकांनी चंपाचे पाय धुतले, खुरांना हळद लावली. एक आजोबा, काठी टेकत आले आणि चंपाच्या कानात काहीतरी बोलले, बराच वेळ. कुणीतरी बेंजो आणलाच! चंपा नाचली. अख्खी चाळ शिट्ट्या वाजवत होती.

मी यादीवर टिक करत होते, सौमित्र व्हिडिओ काढत होता. भिवाकाकांना गंगूबाईनं ओढून चहाला बसवलं, दहा मिनिटं. पाटी चंपाच्या शेजारीच उभी होती. सगळे वाचत होते.

शेजारच्या दोन चाळी पुढच्या वर्षाचं आत्ताच सांगून गेल्या. हितेंद्र म्हणाला, "वीटभट्टीवाल्याला नाही म्हणून सांगतो." मी त्याच्यासमोर नाचले. बेंजोशिवाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसात

बूटही काढले नाहीत. लिहिते.

साडेतीनला भिवाकाकांचा फोन. चंपा पुढच्या पायानं जमीन उकरतेय, सारखी वळून पोटाकडे बघतेय. धावले. पोचले तेव्हा ती खाली बसायला बघत होती आणि भिवाकाका तिला लगामाला धरून उभी ठेवत होते. अंग घामानं भिजलेलं. मी पोटाला कान लावला. वर्गात शिकवलंय, गुडगुड ऐकू आली पाहिजे. काही नाही. भिंतीला कान लावल्यासारखं.

मृणालिनी मॅडम वीस मिनिटांत आल्या, सणाच्या साडीत. नाकातून नळी घातली, तेल सोडलं, इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "सकाळपासून पोटात काय काय गेलंय?"

मी म्हटलं, नेहमीचंच. पहाटेचं खाणं भिवाकाकांनी घातलं तेच.

भिवाकाका माझ्याकडे बघत होते. मग चंपाकडे बघायला लागले.

"खोटं," मॅडम म्हणाल्या. मी चंपाच्या मानेवरचा हात काढला. "नळीतून गोड वास येतोय. कुणीतरी पुरण घातलंय हिला."

तीन तास फिरवलं. मी, भिवाकाका, सौमित्र, पाळीपाळीनं. गोल गोल. देवाचं नाव घेत होते आणि मधेच शिव्या. चंपा, मरू नकोस गं. चंपा, ऐक ना. सौमित्र तर ढसाढसा रडत होता, चष्मा काढून.

सात वाजता लीद पडली.

लीद पडली!! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीसुद्धा! सौमित्रनं फोटो काढला. एवढ्या आनंदानं मी माझ्या पदवीकडे बघितलेलं नाही.

वाचली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हितेंद्रनं भिवाकाकांना काढलं.

"घोडीच्या तोंडापाशी उभा राहायचा पगार घेतो हा. आणि चहा पीत बसला! घोडी मेली असती म्हणजे?" चंपालाही आता ठेवणार नाही म्हणतो. वीटभट्टीवाला रविवारनंतर येतोय.

भिवाकाका फक्त एवढंच म्हणाले, "व्हय. नजर माझीच हलली." कपड्यांची पिशवी घेतली, चंपाच्या मानेवरून हात फिरवला, गेले. चाळीस वर्षं, एका पिशवीत.

मी काही बोलले नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

जेवले नाही. अप्पा पानावर वाट बघत बसले. मग आपणहून बोलले.

"क्षिती, त्या चाळीत एकतीस घरं. दसऱ्याचा दिवस. देवाची घोडी दारात. आणि तुला वाटतं, तिला कुणी उपाशी जाऊ दिलं असेल?"

पण पाटी होती अप्पा, लाल अक्षरात.

"पाटी!" अप्पा हसले. "आपल्याकडे पाहुणा नको म्हणतो आणि आपण वाढतो. त्यात पाटी कुठून वाचणार?"

उद्या करी रोडला जाते. घरोघर.

५ ऑक्टोबर, रविवार

वही घेऊन गेले. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात.

खोली एकतीस. "छे! आम्ही नियम पाळला." मग दार लोटता लोटता, "म्हणजे... एकच घास. पोळीचा कोपरा. एका घासानं काय होतं?"

खोली तीस. "एकच घास. पण बाकी कुणी दिला नसेल, म्हणून."

खोली एकोणतीस, मालवणी काकू. "मिया नाय हां." नवरा आतून, "गो, खोटा कित्याक बोलतंस?" "बरा, एकच. तां पण नारळाच्या वडयेचा."

सव्वीसच्या बाईंनी बिनसाखरेची पोळी दिली. "म्हटलं तिला शुगर असेल तर?" बावीसमध्ये पोरानं बोटानं श्रीखंड चाटवलं. एकोणीसच्या आजोबांनी, ज्यांनी कानात गुज केलं होतं त्यांनी, विडा दिला. विडा! "पचायला बरं असतं, बाळ." चौदामध्ये जोडपं एकमेकांपासून लपवत होतं. दोघांनी दोन वेगवेगळे घास दिले होते, पदराआडून आणि खिशातून. माझ्यासमोर कळलं, तिथेच भांडण जुंपलं. मी वहीत लिहून पुढच्या दारात गेले.

एकतीसपैकी अठ्ठावीस घरं! आणि प्रत्येकाला वाटत होतं, नियम मोडणारे आपण एकटेच. एकानंही मुठीत मावेल त्याहून जास्त दिलं नाही.

शेवटी गंगूबाई. मी म्हटलं, मावशी, तुम्ही पण? ती डोळ्याला पदर लावून बसली. "घोडी माझ्या दारातनं रिकाम्या तोंडानं जाईल व्हय गं? पन भिवाला मीच चहाला न्हेलं. त्याला मीच बाजूला केलं. त्याच्या पोटावर पाय मी दिला."

तिनं सगळ्यांना अंगणात गोळा केलं. म्हणाली, उद्या आपण सगळ्यांनी जायचं आणि त्या मालकाला सांगायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार

गेले! चाळीस-एक माणसं शिवडीच्या तबेल्यात. हितेंद्र फोनवर होता, इतक्या बायका बघून फोन खाली पडला. गंगूबाई पुढे होऊन म्हणाली, "काढायचं तर आमाला काढ. घास आमी घातला." मागून सगळे, एकच, एकच, एकच. विड्याचे आजोबाही आले होते, टॅक्सी मिळेना म्हणून लोकांनी उचलून आणलेले.

मी वही वाचून दाखवली. अठ्ठावीस घरांची. हितेंद्रनं पडलेला फोन उचलून भिवाकाकांना लावला. भिवाकाका परत आले. संध्याकाळी आले तर चंपा त्यांच्या सदऱ्याची बाही चावत बसली.

पण घोडीचं काय, हितेंद्र म्हणतो. वर्षातून एक दसरा. बाकीचे दिवस काय खाणार?

८ ऑक्टोबर, बुधवार

अरे, मी गाढव आहे!! घोड्यांच्या कोर्सला बसलेली गाढव!

अठ्ठावीस घरांनी पाटी वाचून, नियम मोडून, पदराआड लपवून घास दिला. म्हणजे त्यांना घोडी बघायची नव्हतीच. भरवायची होती! आणि मी नेमकं तेच बंद करून बसले. मनमोहन सर पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतायत, गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐका.

तेव्हा: चंपा रस्त्यावर जाणार नाही. सांधे दुखतात तिचे. लोकच तबेल्यात येतील, दर रविवारी. मॅडमनी माप ठरवून दिलेलं लसूणघासाचं गवत, जुड्या बांधून. दिवसाला इतक्याच. जुडी आपल्याकडूनच घ्यायची, घरून काही आणायचं नाही, गेटावर पिशव्या तपासणार गंगूबाई. तिच्या नजरेतून काय सुटणार!

मॅडमनी होकार दिला. सौमित्र म्हणाला, "हे स्केल होईल." या वेळी मारावासा वाटला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिला रविवार. जुड्या अकरा वाजता संपल्या. परळ, प्रभादेवी, पार माहीमवरून लोक पोरांना घेऊन आलेले. भिवाकाका दाखवतात, तळहात सपाट ठेवा, अंगठा आत. गंगूबाईनं गेटावर चार करंज्या, एक बिस्किटपुडा आणि अर्धा किलो पेढे जप्त केले. पेढे आम्ही खाल्ले.

अप्पा आले! खास इस्त्रीचा सदरा घालून. नाकाला रुमाल नाही. चंपाला जुडी भरवली आणि शेजारच्या माणसाला सांगायला लागले, आमच्या आजोबांची गाडी होती, चार अबलख घोड्यांची.

हितेंद्रनं वीटभट्टीवाल्याला कायमचं 'नाही' सांगितलं. माझ्यासमोर, स्पीकरवर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निकाल. पहिली आले. दोन्ही विषयांत.

मॅडमनी सगळ्यांसमोर उभं केलं. "चुका सगळ्यांच्या होतात. पण हिनं चूक लपवली नाही. दारोदार जाऊन शोधून काढली. घोड्याच्या माणसाकडे एवढाच गुण लागतो." टाळ्या. सौमित्रनं शिट्टी मारली. अप्पा पहिल्या रांगेत, डोळे पुसतायत.

मागे भिवाकाका उभे होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर सर्टिफिकेट कपाटात उपडं ठेवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

या वहीलाही सांगितलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी चंपा गेटातून निघत नव्हती, भिवाकाका झूल आणायला आत गेले होते आणि मला उशीर होत होता. अप्पांनी चाळीसाठी डब्यात दिलेल्या पुरणपोळ्या होत्या. एक दिली. दोन पावलं चालली. मग दुसरी. रस्त्याला लागेपर्यंत बाराच्या बारा. रिकामा डबा गेटामागे सरकवला. अठ्ठावीस घरांचे सगळे घास मिळून सहा पोळ्या होत नाहीत.

आज जाऊन भिवाकाकांना सांगितलं. त्यांनी खरारा खाली ठेवला, आत गेले, आणि माझा डबा आणून हातात दिला. घासून लख्ख.

"तवाच धुऊन ठिवला हुता, ताई."

मग बोलला का नाहीत? तुम्हाला काढलं तेव्हासुद्धा?

"तुमी सांगाल म्हनून थांबलो हुतो."